प्राणवायूची झळ

1939 च्या 1 जूनला ‘थेटिस’ ही ब्रिटिश पाणबुडी लिव्हरपूलच्या उपसागरात चाचणी चालू असतानाच बुडाली आणि आतली 99 माणसे गेली. बुडत्या पाणबुडीत अडकलेल्या माणसाच्या शरीराचे नेमके काय होते, हे शोधायचे काम जे. बी. एस. हाल्डेन यांच्याकडे आले. हाल्डेन म्हणजे जीवशास्त्रातले मोठे प्रस्थ. प्रयोग करायचा तर आधी स्वतःवर, हा त्यांच्या घरचा रिवाज, वडीलही तसेच. लंडनमध्ये पोलादी दाबकक्षात ते स्वतः बसत, सहकाऱ्यांना बसवत, आणि हवेचा दाब, वायूंचे प्रमाण बदलून काय काय होते ते टिपून ठेवत. अशाच एका प्रयोगात वाढलेला ऑक्सिजन घेताना त्यांना एवढी जबर आकडी आली की पाठीचे मणके चेपले. हेच हाल्डेन पुढे 1957 मध्ये भारतात आले, इथले नागरिक झाले आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारले.

आकडी आली ती ऑक्सिजन कमी पडून नाही, जास्त होऊन. हे त्याआधी साठेक वर्षे ठाऊक होते. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ पॉल बेर यांनी 1878 मध्येच दाखवून दिले होते की वाढत्या दाबाखाली ऑक्सिजन प्राण्यांना विषासारखा बाधतो आणि त्यांना झटके येतात. का येतात, ते मात्र बराच काळ कळले नाही. 1954 मध्ये रेबेका गेर्शमन या अर्जेंटिनाच्या संशोधिकेने अमेरिकेत काम करताना एक धाडसी विधान केले: ऑक्सिजनची बाधा आणि क्ष-किरणांची बाधा, दोन्हींच्या मुळाशी कळ एकच आहे, ती म्हणजे मुक्त मूलके. तेव्हा फारसे कुणी मनावर घेतले नाही.

दवाखान्यात मास्क लावून मिळणारा ऑक्सिजन साध्या हवेच्या दाबाचा असतो. त्याने आकडी येत नाही. उगाच कुणी घाबरून मास्क काढू नये.

मुक्त मूलक म्हणजे एक इलेक्ट्रॉन एकटा पडलेला रेणू. त्याला जोडीदार हवा असतो आणि तो शेजारच्या रेणूकडून ओढून घेतो. मग शेजारचा एकटा पडतो. आपल्या पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियांमध्ये अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन टप्प्याटप्प्याने ऑक्सिजनकडे पोचवले जातात आणि शेवटी पाणी तयार होते. या वाटेत थोडे इलेक्ट्रॉन मधेच गळतात, ऑक्सिजनला अर्धवट चिकटतात आणि सुपरऑक्साइड नावाचे मूलक होते. त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड, म्हणजे जखम धुवायला वापरतात तेच द्रव्य. इथवर फार बिघडत नाही. पण जवळपास सुटे लोह असेल, तर पेरॉक्साइडपासून हायड्रॉक्सिल मूलक होते. केंब्रिजच्या हेन्री फेंटन यांनी 1894 मध्ये लोह आणि पेरॉक्साइडची ही जोडगोळी वर्णिली होती. हायड्रॉक्सिल मूलक जिथे जन्मते तिथेच, पहिल्या सापडेल त्या रेणूवर तुटून पडते. त्याला आवरू शकेल असे एन्झाइम शरीरात नाही. जी काही सोय करायची ती ते जन्माला येण्याआधी.

मेंदू या सगळ्याला फार सोपे सावज आहे. वजन शरीराच्या 2 टक्के, आणि ऑक्सिजनचा खप सुमारे 20 टक्के. त्यात मेंदूतल्या पेशींची आवरणे अशा मेदाम्लांची, की ज्यांच्यात ऑक्सिजन पटकन घुसतो. शिवाय लोह भरपूर, आणि पेरॉक्साइडचे पाणी करणारे कॅटलेज हे एन्झाइम यकृताच्या मानाने फारच कमी. ज्या अवयवाला सर्वांत जास्त संरक्षण हवे, त्याच्याच वाट्याला तुटपुंजी शिबंदी आली आहे.

आता अशा मेंदूत आकडी येते तेव्हा काय होते ते पाहू. हजारो चेतापेशी एका तालात, न थांबता, एकमेकींना संदेश देत सुटतात. संदेशाचे मुख्य रसायन ग्लुटामेट. ते इतके साचते की पेशींची दारे सताड उघडी राहतात आणि कॅल्शियम आत शिरते. अति उत्तेजनानेच पेशी मरतात, ही कल्पना जॉन ओल्नी यांनी 1969 मध्ये मांडली. आत शिरलेले कॅल्शियम मायटोकॉन्ड्रियांवर ताण आणते आणि इलेक्ट्रॉनांची गळती वाढते. त्याच वेळी पेशीच्या आवरणातले एनएडीपीएच ऑक्सिडेज हे एन्झाइम जागे होते. गंमत अशी की पांढऱ्या रक्तपेशी जंतू मारायला हेच एन्झाइम वापरतात. तिथे ते मुद्दाम सुपरऑक्साइड तयार करते. आकडीत तोच मारा घरच्याच पेशींवर होतो. आकडीतली बरीचशी मूलके मायटोकॉन्ड्रियांपेक्षा या एन्झाइमकडून येतात, असे अलीकडच्या प्रयोगांतून दिसते.

एक बारकावा मला नेहमी थक्क करतो. मायटोकॉन्ड्रियांमध्ये अ‍ॅकोनिटेज नावाचे एन्झाइम असते. त्याच्या गाभ्यात लोह आणि गंधकाचा एक छोटा घनाकृती पुंजका आहे, आणि त्यातला एक लोहाचा अणू कोपऱ्यात जरा सैल बसलेला असतो. सुपरऑक्साइड नेमके तिथे धडकते. अणू निखळतो, एन्झाइम बंद पडते, आणि निखळलेले लोह फेंटनच्या क्रियेला आयते मिळते. म्हणजे एका घावात ऊर्जेचे काम थांबले आणि पुढच्या घावाचे हत्यारही तयार झाले. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात मनीषा पटेल यांच्या गटाने कायनिक आम्ल देऊन आकडी आणलेल्या उंदरांत हेच मोजले. हे कायनिक आम्ल मूळचे एका लाल समुद्रशेवाळातले. जपानमध्ये ते शेवाळ पोटातल्या जंतांवर औषध म्हणून देत असत.

त्याच गटाचा दुसरा प्रयोग याहून बोलका आहे. मायटोकॉन्ड्रियांतल्या सुपरऑक्साइडला आवरणारे एन्झाइम ज्या जनुकावरून तयार होते, त्याच्या दोन प्रतींपैकी एक काढून टाकलेले उंदीर त्यांनी पाळले. वय वाढत गेले तसतशा या उंदरांना आपोआप आकड्या येऊ लागल्या. नुसते हातात घेतले तरी येत. तेव्हा मूलके हा आकडीचा केवळ परिणाम नाही, ती कारणही होऊ शकतात. डोक्याला मार लागून रक्तस्राव झालेल्यांना पुढे अपस्मार का जडतो, याचेही उत्तर इथेच सापडते. 1978 मध्ये विल्मोर आणि सहकाऱ्यांनी जनावरांच्या मेंदूच्या पृष्ठभागात लोहाचे क्षार टोचले, बाकी काही केले नाही, आणि त्यांना वारंवार झटके येऊ लागले. सांडलेल्या रक्तातले हिमोग्लोबिन फुटले की तेच लोह सुटे होते.

मेंदूबाहेर काय होते, याकडे घरच्यांचे सोडाच, कधीकधी डॉक्टरांचेही लक्ष उशिरा जाते. आकडी लांबली की अंगातले सगळे स्नायू एकदम आवळलेले राहतात. काही पेशी फुटतात आणि त्यातले मायोग्लोबिन हे लोह असलेले प्रथिन रक्तात उतरते. ते मूत्रपिंडात पोचते आणि लघवी तांबूस-काळपट होते. लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा ढिगाऱ्याखाली चिरडलेल्या माणसांत बायवॉटर्स आणि बील यांनी हे चित्र पाहिले आणि 1941 मध्ये प्रसिद्ध केले. माणूस ढिगाऱ्यातून जिवंत निघे आणि आठवडाभरात मूत्रपिंडे बंद पडून जाई. मायोग्लोबिन नळ्यांमध्ये साचून त्या तुंबतात, एवढाच अर्थ तेव्हा लावला गेला. 1998 मध्ये अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात असे दिसले की मायोग्लोबिनमधले लोह मूत्रपिंडाच्या पेशींच्या आवरणातला मेद जाळते, आणि लघवी अल्कधर्मी ठेवली तर हे जळणे मंदावते. सलाइन आणि सोडा बायकार्बचा जुना उपाय का लागू पडत असावा, याचा एक धागा त्यातून हाती आला.

हृदयाची गोष्ट वेगळी. तिथे अ‍ॅड्रिनॅलिनचा लोंढा येतो, ठोके अनियमित होतात, क्वचित हृदयाचा खालचा भाग फुगून ढिला पडतो. फुप्फुसांत पाणी भरते. यकृताला मात्र आकडीपेक्षा कधीकधी आकडीवरच्या औषधाचा धोका अधिक असतो. व्हॅल्प्रोएट हे जगभर वापरले जाणारे औषध. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये ग्रेनोबल इथे पिएर एमार हे दुसरीच रसायने विरघळवायला व्हॅल्प्रोइक आम्ल वापरत होते. तपासायला घेतलेले प्रत्येक रसायन झटके थांबवू लागले, तेव्हा लक्षात आले की गुण विद्रावकाचा आहे. या औषधाचे यकृतात विघटन होताना एक अंश असा तयार होतो की तो ग्लुटाथायोनचा साठा खर्चून टाकतो. 1987 मध्ये अमेरिकेतल्या नोंदी तपासल्या तेव्हा दोन वर्षांखालच्या आणि एकाहून जास्त औषधे चालू असलेल्या बालकांत 500 पैकी एकाचे यकृत प्राणघातकरीत्या निकामी झाल्याचे दिसले. मोठ्या वयात, एकटे व्हॅल्प्रोएट घेणाऱ्यांत हा धोका त्याच्या कितीतरी पट कमी. म्हणून डॉक्टर लहान मुलांना ते जपून देतात.

ग्लुटाथायोन हे नाव वरती सहज येऊन गेले, पण या प्रकरणातले खरे पात्र तेच आहे. तीन अमिनो आम्लांची ही छोटी साखळी आपली प्रत्येक पेशी स्वतः घडवते: ग्लुटामेट, सिस्टीन, ग्लायसीन. मधल्या सिस्टीनच्या टोकाला गंधक असते, ते पुढे करून ग्लुटाथायोन मूलकांना आपला इलेक्ट्रॉन देऊन टाकते, आणि मग दुसरे एन्झाइम त्याला पुन्हा भरून आणते. सिस्टीनचा पुरवठा कमी पडला की हे सगळे अडते. सिस्टीनचा जोड-रेणू पेशीत येतो तो एका अदलाबदलीच्या दारातून: एक आत, बदल्यात एक ग्लुटामेट बाहेर. आकडीत बाहेर ग्लुटामेटचा पूर आलेला असतो, त्यामुळे हे दारच फिरेनासे होते. ज्या घटकेला ग्लुटाथायोनची सर्वांत जास्त निकड, त्याच घटकेला त्याचा कच्चा माल तुटतो.

बाकीच्या रक्षकांपैकी सुपरऑक्साइड डिस्म्युटेजचा शोध 1969 मध्ये ड्यूक विद्यापीठात मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी लावला. तांबे असलेले हे प्रथिन रक्तपेशींत आहे हे 1938 पासून माहीत होते. ते काय करते हेच कुणाला ठाऊक नव्हते. जीवनसत्त्व ई पेशीच्या आवरणात मेदाबरोबर राहते, तर क पाण्यात फिरते आणि खर्ची पडलेल्या ई-ला पुन्हा कामाला लावते.

एवढे सगळे समजल्यावर पुढचा विचार कुणालाही सुचेल: बाहेरून अ‍ॅन्टीऑक्सिडंट द्यावे. आणि तो इतक्या जणांना सुचला आहे की प्रयोगशाळांतून उंदरांची रांग लागली. हळद, आवळा, ब्राह्मी, द्राक्षाच्या बिया, चहा, काय वाटेल ते. प्रयोगाची रीत ठरलेली. उंदराला आठवडा-दोन आठवडे अर्क पाजायचा. मग पेंटिलिनटेट्राझोलचे इंजेक्शन देऊन झटका आणायचा. त्यानंतर मेंदू, यकृत, मूत्रपिंड काढून वाटायचे, त्यात थायोबार्बिट्युरिक आम्ल घालून उकळत्या पाण्यात ठेवायचे. मेद जळून झालेले मॅलॉनडायअल्डिहाइड त्याच्याशी जुळते आणि नळीत गुलाबी रंग चढतो. रंग जितका गडद तितकी नासधूस जास्त. अर्क पाजलेल्या उंदराची नळी फिकट निघाली की निष्कर्ष लिहायला घेतला जातो.

मला या निष्कर्षांविषयी दोन शंका आहेत. एक, उंदराला औषध आधी मिळाले, झटका नंतर आला. माणसाच्या बाबतीत हा क्रम उलटा असतो. डॉक्टरकडे माणूस झटका आल्यावरच जातो. दुसरी जास्त अडचणीची. अर्काने झटकाच सौम्य केला असेल, तर नासधूस आपसूक कमी होणार. मग नळी फिकट झाली ती मूलके अडवल्यामुळे की झटका अडवल्यामुळे, हे त्या रंगावरून कळत नाही. शिवाय ही चाचणी ढोबळ आहे. साखरेसारखे दुसरे पदार्थही तिला फसवू शकतात. काही प्रयोग या शंकांना पुरून उरतात. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात 2009 मध्ये लोह टोचून अपस्मार आणलेल्या उंदरांना आहारातून कर्क्युमिन दिले गेले आणि मेंदूतल्या विद्युत्-नोंदींतही आजाराची चाल मंदावलेली दिसली. अशी उदाहरणे आहेत, पण गर्दीच्या मानाने थोडी.

माणसांवरचा अनुभव तर चांगलाच गोंधळात टाकणारा. 1989 मध्ये टोरांटोत 24 मुलांवर एक चाचणी झाली. कुठल्याच औषधाला दाद न देणारा अपस्मार असलेली ही मुले. निम्म्यांना चालू औषधांसोबत रोज 400 युनिट जीवनसत्त्व ई, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. ई घेणाऱ्या 12 पैकी 10 जणांचे झटके निम्म्याहून कमी झाले, पोकळ गोळीवाल्यांपैकी एकाचेही नाही. हे वाचून कुणाचेही मन उचल खाईल. पाच वर्षांनी दिल्लीच्या एम्समध्ये 43 रुग्णांवर तशीच काटेकोर चाचणी घेतली गेली, आणि फरक पडला नाही. नंतर 2016 मध्ये इराणमधून पुन्हा अनुकूल निकाल आला. चाचण्या लहान, रुग्ण निरनिराळ्या प्रकारचे. असे झोके त्यात बसतातच. पण तीस-पस्तीस वर्षांनंतरही ई-च्या गोळ्या अपस्माराच्या उपचारात शिरल्या नाहीत, हेही तितकेच खरे.

आणि अ‍ॅन्टीऑक्सिडंटची गोळी निदान निरुपद्रवी तरी असते, हा समज 1994 मध्येच मोडला. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली. बीटा कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी व्हायच्या ऐवजी 18 टक्क्यांनी वाढला. मूलके हे नुसते शत्रू नाहीत. पेशी त्यांचा वापर निरोपासाठी आणि जंतूंशी लढण्यासाठीही करते. सरसकट त्यांचा नायनाट करायला निघालेला उपाय कुठे काय बिघडवेल, ते सांगता येत नाही. मायटोकॉन्ड्रियांच्या आनुवंशिक दोषामुळे झटके येणाऱ्या मुलांसाठी व्हॅटिक्विनोन नावाचे खास औषध तयार झाले होते. त्याची चाचणीही 2023 मध्ये मुख्य उद्दिष्टाला पोचली नाही.

अलीकडे संशोधकांनी वाट थोडी बदलली आहे, आणि मला ती जास्त पटते. बाहेरून ढाल पाठवण्यापेक्षा पेशीचा स्वतःचा कारखाना जोरात चालवायचा. पेशीत एनआरएफ-टू नावाचे एक प्रथिन असते. एरवी कीप-वन हे दुसरे प्रथिन त्याला धरून ठेवते आणि नष्ट करवते. पेशीला ऑक्सिडीकरणाची झळ लागली की कीप-वनच्या गंधकाला धक्का बसतो, पकड सुटते, एनआरएफ-टू केंद्रकात जाते आणि ग्लुटाथायोन घडवणाऱ्यांसह संरक्षणाची कित्येक जनुके एकदम सुरू करते. ब्रोकोलीतले सल्फोराफेन हीच पकड सोडवते, आणि तेही कीप-वनला किंचित डिवचून. म्हणजे ज्याला आपण अ‍ॅन्टीऑक्सिडंट म्हणून खातो, ते स्वतः मूलके फारशी पकडतच नाही. ब्रोकोलीत ते तयार स्वरूपात नसतेही. भाजी चिरली किंवा चावली की पेशी फुटतात, मायरोसिनेज हे एन्झाइम मोकळे होते, आणि तेव्हा ते तयार होते. चिरल्याबरोबर उकळत्या पाण्यात टाकली तर एन्झाइम मरते आणि बेत बराचसा फसतो.

मिलानच्या मारिओ नेग्री संस्थेत सल्फोराफेन आणि एन-अ‍सेटिलसिस्टीन ही जोडी उंदरांना दिली गेली. दुसरे नाव आपल्याकडे छातीतला कफ पातळ करणारे औषध म्हणून आणि पॅरासिटॅमॉलच्या विषबाधेवरचा उतारा म्हणून परिचित आहे. ते पेशीला सिस्टीन पुरवते. इथे क्रम माणसासारखा होता: आधी लांबलेली आकडी, मग दोन आठवडे औषध. पुढे या उंदरांत अपस्मार उशिरा सुरू झाला, झटके कमी आले आणि आजार बळावत गेला नाही. एन-अ‍सेटिलसिस्टीन माणसांनाही दिले गेले आहे. उन्फेरिश्ट-लुंडबोर्ग या दुर्मीळ आनुवंशिक आजाराच्या चार भावंडांना 1996 च्या एका अहवालानुसार त्याने चांगला गुण आला. नंतरच्या रुग्णांत अनुभव संमिश्र राहिला. 1921 मध्ये मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी सुचवलेला कीटोजेनिक आहार मात्र शंभर वर्षे टिकून आहे, आणि तोही सुरुवातीला थोडा पेरॉक्साइड वाढवून एनआरएफ-टूला जागे करतो, असे उंदरांत आढळले आहे. हा आहार डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय घरी सुरू करायचा नसतो.

आज, आत्ता, मेंदू आणि मूत्रपिंड दोन्ही वाचवणारी गोष्ट एकच आहे: आकडी लवकर थांबवणे. पाच मिनिटांच्या वर चाललेली आकडी आपणहून थांबण्याची शक्यता झपाट्याने कमी होत जाते. चप्पल हुंगवण्यात, मुठीत किल्ल्या कोंबण्यात, दातात चमचा घालण्यात हीच मिनिटे जातात. माणसाला कुशीवर वळवावे, घड्याळ बघावे, आणि डॉक्टरांनी लिहून दिला असेल तर मिडाझोलामचा स्प्रे नाकात मारून दवाखाना गाठावा.

राहता राहिली हळद. स्वयंपाकातली हळद खुशाल खावी. तिच्यात कर्क्युमिन साधारण 3 टक्के, आणि तेही आतड्यातून रक्तात जेमतेम जाते. 1998 मध्ये बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात स्वयंसेवकांना 2 ग्रॅम कर्क्युमिनबरोबर 20 मिलिग्रॅम पिपरिन दिले, तेव्हा कर्क्युमिनचे शोषण वीसपट झाले. तेव्हापासून बाजारातल्या कर्क्युमिनच्या कॅपसुलांत काळ्या मिऱ्यातले पिपरिन घालायची चाल पडली. पण पिपरिन हे यकृत आणि आतड्यातली औषधे मोडणारी एन्झाइम्स मंदावून काम करते, आणि ती कर्क्युमिनपुरती मंदावत नाहीत. चंदीगडच्या पीजीआयमध्ये अपस्माराच्या रुग्णांना तेवढेच 20 मिलिग्रॅम पिपरिन दिले, तर फेनिटॉइनची रक्तातली पातळी वाढली, कार्बामाझेपिनचीही वाढली. फेनिटॉइनचे गणित आधीच नाजूक. एका मर्यादेनंतर मात्रा जराशी वाढली तरी पातळी एकदम उडी घेते, आणि माणसाचा तोल जातो, डोळे हलू लागतात, जीभ जड होते. म्हणून फेनिटॉइनच्या रुग्णाची चाल एकाएकी बिघडली, तर डॉक्टरांना गोळ्यांच्या यादीबरोबर ती ‘नुसती हळदीची’ म्हणून आणलेली कॅपसुलांची बाटलीही दाखवावी.